एस्तेरमावशींची खूण

एस्तेरमावशींच्या पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, खूण म्हणून बँडेजची एक कातरलेली पट्टी असायची. सगळं आयुष्य वॉर्डात गेलेलं, त्यामुळे घरात एकवेळ साखर नसेल, पण बँडेज असायचंच. चंदीगढमधल्या आम्हा मूठभर मराठी ख्रिस्ती लोकांना ती पट्टी चांगली ठाऊक होती. रविवारी कुणी भेटलं की "सलाम मावशी, तब्येत कशी आहे?" याच्यापाठोपाठ विचारायचं, "खूण कुठवर आली?" आणि मावशी खरं ते सांगायच्या. "सरकली," किंवा "अडकली रे बाबा."

रोज सकाळी शास्त्रातला एक उतारा वाचण्याचा नेम पुष्कळांचा असतो. माझ्या आईचा होता, आजही माझ्या बायकोचा आहे. मावशींचा नेम जरा अवघड होता. वाचलेलं करून झाल्याशिवाय त्या पुढचा उतारा वाचत नसत. दुसऱ्या दिवशी तोच. तिसऱ्या दिवशीही तोच. कुणी म्हणालं, "मावशी, अशानं पुस्तक संपायचं कधी?" तर म्हणायच्या, "संपवायला काय ती कादंबरी आहे?"

गेल्या महिन्यापासून मला झोप चांगली लागते. साठी आली, रक्तदाबाची गोळी चालू आहे, तरीही लागते. म्हणून हे लिहायला घेतलं. लिहायचं आहे मावशींबद्दल. माझं जे काही त्यात येईल ते त्यांच्या खुणेला चिकटून येईल, तेवढं वाचणाऱ्यांनी चालवून घ्यावं.

मी त्यांच्याकडे गेलो तो खोली शोधत. विद्यापीठात संशोधनाला प्रवेश मिळाला होता, राहायला जागा मिळत नव्हती. पंजाबातल्या दहशतवादाचे ते वाईट दिवस होते. संध्याकाळ झाली की दुकानांची शटरं खाली यायची, बसमध्ये चढताना लोक आधी सीटखाली बघायचे, बेवारस ट्रान्झिस्टरला हात लावू नका, आत बॉम्ब असेल म्हणून रेडिओच सांगायचा. परक्या एकट्या तरुणाला खोली द्यायला कुणी तयार नव्हतं. कुणीतरी एकवीस सेक्टरातल्या मराठी उपासनेचा पत्ता दिला. तळमजल्यावर घरमालक सरदार निरंजनसिंग आणि त्यांची बायको, जिला सगळी गल्ली बीजी म्हणायची. पहिल्या मजल्यावर एस्तेरमावशी. आणि गच्चीवर एक सुटी खोली, तिला तिकडे बरसाती म्हणतात, ती रिकामी होती; ती कुणाला द्यायची ते सरदारांनी मावशींवर सोडलं होतं.

मावशींनी भाडं सांगितलं नाही की पाण्याची वेळ सांगितली नाही. माझं मनगट धरलं. तीन बोटं नाडीवर, नजर माझ्या कानाच्या बाजूला कुठंतरी, आणि विचारलं, "वाचता येतं का रे? मोठ्यानं, न अडखळता?"

त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. त्या काळी तो पिकेपर्यंत डॉक्टर हात लावत नसत. ज्या मोठ्या हॉस्पिटलात मावशींनी नोकरी केली, तिथलेच डॉक्टर त्यांना दर वेळी सांगायचे, "सिस्टरजी, अभी कच्चा है." त्या आंबा पिकण्याची वाट बघावी तशी वाट बघत होत्या, आणि तोवर त्यांना वाचून दाखवणारा कुणीतरी हवा होता. खोली मला अशी मिळाली.

नाडी धरण्याची खोड त्यांची जन्माची. गप्पा मारताना, भाजी निवडताना, कुणाच्या लेकराचं कौतुक करतानाही बोटं समोरच्याच्या मनगटावर जायची. बोलणं चालू राहायचं, पण आत कुठंतरी त्या मोजत असायच्या. त्यांच्याशी खोटं बोलणं म्हणूनच भारी कठीण.

नगरच्या बाजूचं त्यांचं मराठी. इतकी वर्षं उत्तरेत काढून हिंदी मात्र कच्चंच राहिलं, तेही मोतीबिंदूसारखं पिकलं नाही. निरंजनसिंगांशी त्या सरळ मराठीत बोलायच्या आणि ते पंजाबीत उत्तर द्यायचे. "पाजी, मोटर परत बसली की काय? पाणी नाही वर." "भैणजी, हुणे ठीक कर दिन्ना, हुणे." 'हुणे' म्हणजे आत्ता, आणि 'पाजी' म्हणजे दादा. त्यांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं. खिशात कायम वायरीचे तुकडे, पेचकस, मशीनच्या मोटरीचा एखादा सुटा भाग. बीजींना मावशींच्या आमटीतला गूळ सहन व्हायचा नाही. "दाल है कि खीर?" असं म्हणायच्या, आणि वाटी पुसून परत करायच्या.

मी वाचायला लागलो तेव्हा शत्रूवर प्रीती करण्याचा भाग आला. मी वाचला, पुस्तक मिटलं. दुसऱ्या दिवशी तोच. आठवडा गेला, तोच. मी म्हणालो, "मावशी, आता काय अडलंय?"

"शत्रूच सापडंना रे."

"मग बरंच आहे की."

"बरं कसलं? त्यानं सांगितलंय शत्रूवर कर म्हणून, आणि माझ्याकडं एकपण नाही म्हटल्यावर मी काय करू? नीट आठवू दे." दोन दिवस त्या खरोखर आठवत बसल्या. जुन्या मेट्रनचं नाव निघालं, पण ती वारली होती. मग एका सकाळी भांड्याचा आवाज आला आणि मावशींचा चेहरा उजळला. "दूधवाला!" दूधवाला दुधात पाणी घालायचा, आणि मावशी त्याला रोज मराठीतून शेलके शब्द ऐकवायच्या. ते त्याला कळत नव्हते म्हणूनच टिकलं होतं. त्या दिवशी त्यांनी त्याला वर बोलावलं, खुर्चीवर बसवलं आणि त्याच्याच दुधाचा चहा करून पाजला. त्यानं एक घोट घेतला, कपात बघितलं. मावशी म्हणाल्या, "पियो बेटा, तुम्हारा ही है." त्यांच्या मनात तिरकं काही नव्हतं. मनापासून पाजत होत्या. पण दुसऱ्या दिवसापासून दूध सुधारलं, आणि मावशी जरा खट्टू झाल्या. म्हणाल्या, "आता परत शत्रू लागला तर कुठून आणू?"

वंशावळीचा भाग आला तेव्हा मी खूश झालो. नुसती नावं, अमक्याचा मुलगा तमका. इथं तरी करण्यासारखं काही नाही. "मावशी, हे ओलांडू या."

"का रे? नावं आहेत म्हणजे कुणीतरी विचारली असतील ना," असं म्हणून त्या काठी घेऊन खाली उतरल्या. गल्लीच्या तोंडाशी वाळूच्या पोत्यांची चौकी होती, तिच्यामागे बंदूकवाला जवान. आम्ही सगळे त्याच्यासमोरून मान खाली घालून जायचो. मावशी थेट पोत्यांपाशी. "बेटा, तुम्हारा नाम क्या है? और पिताजी का?" तो आधी ओरडला, मग गोंधळला, मग सांगितलं. आजोबांचंही सांगितलं. नंतर जाता-येता तो मावशींना सलाम करायचा, आणि मावशी त्याला वडिलांच्या नावासकट हाक मारायच्या. झाडूवालीचं, इस्त्रीवाल्याचं, पोस्टमनच्या बायकोचं नाव, सगळी गल्ली त्यांनी त्या आठवड्यात नावानिशी गोळा केली. मग म्हणाल्या, "आता सरकव."

रविवारी त्यांच्या खोलीत उपासना व्हायची. हवाई दलातली दोन कुटुंबं, एक डॉक्टरीणबाई, आम्ही काही विद्यार्थी. लष्करातले एक सुभेदार शिरसाठ प्रवचन करायचे. आवाज पहाडी, मुद्दे भरपूर. त्यांचं संपलं की मावशी कोपऱ्यातून विचारायच्या, "छान. मग आता करायचं काय?" सुभेदार या प्रश्नाला गोळीपेक्षा जास्त भ्यायचे. पुढं पुढं ते प्रवचनाच्या शेवटी स्वतःच सांगायला लागले: "आणि एस्तेरबाई विचारतील करायचं काय, तर मंडळी, या आठवड्यात बायकोशी मोठ्यानं बोलायचं नाही." त्यांची बायको जोरात आमेन म्हणायची.

आता जे सांगायचं ते सांगतो.

माझ्याकडे एक जुनी स्कूटर होती. शिष्यवृत्तीतून घेतलेली, कागद माझ्या नावाचे. एका सकाळी निरंजनसिंग अंगणातून ओरडले, "ओए मराठे! चाबी सुट्ट!" त्यांना पिंजौरला एका शिवणक्लासची मशीनं दुरुस्त करायला जायचं होतं आणि त्यांची सायकल पंक्चर. मी गच्चीवरून किल्ली फेकली. ती फरशीवर आपटून खणकली. मी वरून म्हणालो, "पाजी, शाम तक ले आना." ते हसले, पगडीला हात लावला आणि गेले.

पिंजौरच्या रस्त्यावरच्या नाक्यावर त्यांना अडवलं. त्या दिवसांत स्कूटर म्हटली की पोलीस दचकायचे. डिकी उघडली तर आत मोटरी, वायरींची भेंडोळी, सुटे स्क्रू. चालवणारा सरदार, आणि कागदावर नाव कुठल्या मराठी माणसाचं.

दुपारी आमच्या विभागात ठाण्यातून फोन आला. मला विभागप्रमुखांच्या खोलीत बोलावलं. प्रमुख समोर बसलेले, चष्मा काढून माझ्याकडे बघत होते. पलीकडून इन्स्पेक्टरनं विचारलं, "स्कूटर आपका है?"

"जी."

"एक सरदार चला रहा था. आपने दिया था?"

हो म्हणायला एक क्षण पुरे होता. मी प्रमुखांच्या चेहऱ्याकडे बघितलं. शिष्यवृत्ती, मार्गदर्शक, घरी आई, सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं. आणि मी म्हणालो, "जी, मैंने तो नहीं दिया. चाबी नीचे टंगी रहती है."

एवढंच. प्रमुखांनी चष्मा घातला, म्हणाले, "बी केअरफुल." मी प्रयोगशाळेत जाऊन परीक्षानळ्या धुवत बसलो. धुतलेल्याच परत धुतल्या.

त्या रात्री निरंजनसिंग घरी आले नाहीत. बीजी दिवसभर ठाण्याच्या फाटकाशी डबा घेऊन उभ्या राहिल्या आणि डबा तसाच घेऊन परत आल्या. मी गच्चीचा जिना पाय न वाजवता चढलो.

सकाळी नेहमीप्रमाणे मावशींसमोर बसलो. शुभवर्तमानात, म्हणजे ख्रिस्ताच्या चरित्रात, आम्ही ओळीनं चाललो होतो, त्यामुळे त्या दिवशी काय येणार हे कुणी ठरवलेलं नव्हतं. उघडलं आणि बघितलं. प्रभूला धरून नेलेलं, अंगणात शेकोटी, आणि आदल्या रात्री मोठ्या बढाया मारणारा तो शिष्य शेकत बसलेला. एक दासी त्याच्याकडे बघून म्हणते, हापण त्याच्याबरोबर होता. तो म्हणतो, मी त्या माणसाला ओळखत नाही.

मी इतक्या भरभर वाचलं की आयुष्यात तसं कधी वाचलं नसेल. मावशींची बोटं माझ्या मनगटावर होती.

"थांब," त्या म्हणाल्या.

मी थांबलो. वाटलं, संपलं.

"मी काल हेच केलं," मावशी म्हणाल्या.

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. काल दुपारी पोलीस घरी आले होते. त्यांना विचारलं, हा सरदार कसा माणूस आहे, कोण येतं-जातं? "आणि मी काय म्हणाले ठाऊक आहे? मैं किरायेदार, मुझे कुछ मालूम नहीं. माझ्या पाण्याची मोटर दुरुस्त करणारा, माझी औषधं आणून देणारा माणूस. भ्याले रे मी. एवढी पोरं जन्माला घातली या हातांनी, रक्ताला भ्याले नाही, आणि बुटांच्या आवाजाला भ्याले." त्यांनी पदर सारखा केला. "चल. ठाण्यात जायचं."

"मावशी, वातावरण कसं आहे बघताय ना? तिथं जाऊन तुम्ही काय करणार?"

"काल खोटं बोलले म्हणून सांगणार."

"शास्त्रातला तो माणूस तर नुसता बाहेर जाऊन रडला. तेवढंच लिहिलंय."

"रडायला डॉक्टरांची मनाई आहे मला," मावशी म्हणाल्या. "डोळ्यांत औषध चालू आहे. रडून भागायचं नाही. रिक्षा बोलव."

रिक्षातून निघालो. वाटेत दोनदा तपासणी झाली. फाटकाशी बीजी होत्या, मावशींना बघून त्या रडायला लागल्या. मावशींनी त्यांचंही मनगट धरलं, म्हणाल्या, "जेवलीस का?"

इन्स्पेक्टर तरुण होता, जागरणानं डोळे लाल. मावशी खुर्चीवर बसल्या. "बेटा, तुम्हारा नाम क्या है?"

तो चमकला. "काम बताइए, माताजी."

"काम बताती. पहले नाम."

त्यानं छातीवरच्या पट्टीकडे बोट दाखवलं. मावशी म्हणाल्या, "वह मुझे नहीं दिखता, आँख कच्ची है." मग त्यानं नाव सांगितलं, आणि आवाज जरा खाली आला. मावशी त्यांच्या त्या मोडक्या हिंदीत सरळ बोलल्या: काल मी तुमच्या माणसाशी खोटं बोलले. मी निरंजनसिंगांना ओळखते. त्यांच्या खिशात वायर नसेल तर मला काळजी वाटेल, असेल तर नाही. माझं काल लिहून घेतलं असेल ते खोडा आणि हे लिहा.

इन्स्पेक्टरनं सुस्कारा सोडला. "माताजी, आपकी बात ठीक है. लेकिन स्कूटर के मालिक ने खुद कहा है कि उसने चाबी नहीं दी. इसने उठाई है."

मी शेजारच्या खुर्चीत बसलो होतो. पण इन्स्पेक्टर बोलायला लागला तेव्हाच उठून दाराशी सरकलो होतो. मावशींना ते दिसलं नव्हतं. त्यांनी मान वळवली ती माझ्या खुर्चीकडे. रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिल्या. मग हात पुढं केला, मनगट शोधायला. हात खुर्चीच्या पाठीवर फिरला, हवेत फिरला, आणि परत मांडीवर आला.

किल्ली खणकली ती त्यांनी ऐकली असणार. डोळे गेलेल्या माणसाला घरातला चमचा पडलेलाही कळतो.

मी दारातून परत आलो. "वह मालिक मैं हूँ," मी म्हणालो. "चाबी मैंने दी थी. ऊपर से फेंकी थी."

पुढं इन्स्पेक्टरनं जे सुनावलं ते मी लिहीत नाही, त्यातलं बरंचसं मला लागू होतं. त्यानं माझ्याकडून जबाब लिहून घेतला, सही घेतली. दुपार कलताना निरंजनसिंगांना सोडलं. ते बाहेर आले तेव्हा एक गाल सुजलेला होता आणि पगडी हातात होती. आधी भिंतीकडे तोंड करून त्यांनी ती नीट बांधली, मगच आमच्याकडे वळले.

आणि सरळ येऊन मला मिठी मारली. आतल्या शिपायानं त्यांना एवढंच सांगितलं होतं की स्कूटरवाला मराठी मुलगा स्वतः येऊन जबाब देऊन गेला, म्हणून सुटलास. "ओए मराठे," ते म्हणाले, "तूने बचा लिया यार. इस टैम कौन आता है थाणे?"

मावशी दोन हात अंतरावर उभ्या होत्या. बीजींनी घरी लस्सीचा मोठा पेला माझ्या हातात दिला, आणि मी तो प्यालो.

त्यानंतर त्या घरात माझा मान वाढला तो वाढलाच. गुरुपुरबच्या सणाचा कडाह प्रसाद, तो तुपातला शिरा, आधी मला. नातेवाईक आले की निरंजनसिंग मला खाली बोलवायचे, पाठीवर हात ठेवून गोष्ट सांगायचे. दर वेळी ती गोष्ट जरा मोठी व्हायची आणि मी तिच्यात जरा शूर व्हायचो.

ठाण्यातून आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुस्तक उघडलं. मावशी म्हणाल्या, "माझं झालं. पुढं वाच."

मी पट्टी उचलली.

"थांब. कात्री आण." त्यांनी बँडेजच्या गुंडाळीतून आणखी एक पट्टी चाचपून कापली आणि माझ्या हातात दिली. "ही तुझी. तुझं जिथं आहे तिथं राहू दे. माझी पुढं जाऊ दे."

त्यांनी विचारलं नाही, सुनावलं नाही, पुन्हा कधी विषय काढला नाही. त्यानंतर दीड वर्ष मी त्यांना रोज वाचून दाखवलं. त्यांची पट्टी हळूहळू पुढं जायची, अडायची, परत जायची. माझी शेकोटीपाशीच होती. वाचायचो मी, पण तोंडानं. जे त्यांच्यासाठी वाचलं ते माझ्यासाठी धरायचं नाही, हे आमच्यात न बोलता ठरलं होतं. पुस्तक उघडताना कधीतरी बोट त्या पट्टीला लागायचं आणि मी ते पटकन उचलायचो. खाली जाऊन निरंजनसिंगांना दोन वाक्यं सांगायची होती. जिना बारा-पंधरा पायऱ्यांचा असेल. तो मला उतरता आला नाही. संशोधन संपलं, नोकरी लागली, मी पुण्याला आलो, लग्न झालं, आणि तो जिना तसाच राहिला.

गेल्या महिन्यात गेलो होतो. मुलगी मोहालीत नॉलेज सिटीतल्या संस्थेत संशोधन करते. तिला भेटायला जाऊन निरंजनसिंगांना टाळणं या वेळी जमलं नाही, कारण तिनेच त्यांचा पत्ता शोधून काढला होता. एकवीस सेक्टरचं घर विकून ते मोहालीत मुलाच्या फ्लॅटमध्ये राहतात. दाढी पांढरी, गुडघे गेलेले. बीजींना ऐकू येत नाही. माझ्या मुलीला बघताच त्यांनी सुरुवात केली: "पुत्तर, तेरे पापा ने..."

"पाजी," मी म्हणालो, "आज मी सांगतो."

आणि सांगितलं. फोन, प्रमुखांचा चष्मा, चाबी टंगी रहती है, सगळं. मुलगी समोर होती, तिच्यासमोरच सांगितलं. त्यांना नीट कळावं म्हणून हिंदीत सांगितलं आणि मध्ये अडखळलो की मराठीत, मावशींसारखं.

निरंजनसिंगांनी बीजींच्या कानाशी जाऊन ओरडून सगळं सांगितलं. बीजी म्हणाल्या, "केहड़ा स्कूटर?"

"ओ, थाणे वाला!"

"अच्छा," बीजी म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघून काळजीनं विचारलं, "रोटी खाधी?"

निरंजनसिंग हसले नाहीत. म्हणाले, "उस दिन दो थप्पड़ खाए थे मैंने. इक पुलिस का था. दूसरा किसका था, आज पता चला." मग उठून उभे राहिले, गुडघे धरत धरत माझ्यापाशी आले आणि माझ्या गालावर एक चापट मारली. हलकी नव्हती. आवाज झाला, मुलगी दचकून उभी राहिली. दुसऱ्या क्षणी त्यांनी तोच हात माझ्या डोक्यामागे घालून मला छातीशी ओढलं. "इतने साल से मैं लोगों को उल्टी कहानी सुना रहा हूँ, खोते, गधे!" ते म्हणाले. "अब सबको दोबारा बतानी पड़ेगी. बुढ़ापे में काम बढ़ा दिया." आणि आता मात्र हसायला लागले, आणि मला रडू आलं. मला डॉक्टरांची मनाई नव्हती.

बीजींनी तोवर गॅस पेटवला होता. गरम रोटी सरळ आचेवरून ताटात येत होती. मी किती खाल्ल्या ते त्यांनी मोजू दिलं नाही. गाल तापलेला होता आणि आतून इतकं मोकळं वाटत होतं, की परतताना मुलीनं विचारलं, "बाबा, आर यू ओके?" मी म्हटलं, "पक्का."

त्या रात्री गेस्टहाउसात माझं पुस्तक उघडलं. मावशींनी दिलेली पट्टी पिवळी पडली आहे. ती काढली आणि शुभवर्तमान पुढं वाचलं, या वेळी माझ्यासाठी. पुढच्या पानांत सकाळ आहे, किनारा आहे, परत एक शेकोटी आहे, आणि नाकबूल गेलेल्या त्या माणसाला प्रभू आधी न्याहारीला बोलावतो. मला ते ठाऊक नव्हतं असं नाही. मीच तर मावशींना ते वाचून दाखवलं होतं.

मावशींना मी शेवटचं बघितलं ते चंदीगढ स्टेशनवर. मोतीबिंदू अखेर पिकला, ऑपरेशन झालं, आणि त्यांना बाटलीच्या बुडासारख्या जाड काचांचा चष्मा मिळाला. त्या दिवसांत त्यांच्याबरोबर रस्त्यानं चालणं म्हणजे शिक्षा होती, कारण दिसेल ती पाटी मोठ्यानं वाचायच्या. वाचायच्या आणि करायच्या. 'यहाँ से सड़क पार करें' असं दिसलं, की गरज नसतानाही पार करायच्या. 'जूते उतारें' दिसलं की कुणाच्याही दारात चपला काढायच्या. मी वैतागलो की म्हणायच्या, "लिहिणाऱ्यानं कुणासाठी तरी लिहिलं असेल ना रे."

भाचीकडे राहुरीला कायमच्या निघाल्या होत्या. शास्त्र त्यांच्या मांडीवर होतं, त्यात त्यांची एकच पट्टी. माझ्यासाठी त्यांनी नवी प्रत घेतली होती. ती खिडकीतून माझ्या हातात दिली. उघडून बघायची गरज नव्हती, पट्टी कुठं ठेवली असणार ते कळत होतं.

निरंजनसिंग फलाटावर पाण्याची सुरई भरायला गेले होते. मावशींनी खिडकीच्या गजांतून हात बाहेर काढला आणि माझं मनगट धरलं. चष्म्यामागचे डोळे मोठे, आता नीट माझ्याकडे बघत होते.

"लई पळतीय रे तुझी अजून," त्या म्हणाल्या.

मी खाली बघितलं.

"असू दे. गाडी माझी सुटतीय, तुझी नाही."

निरंजनसिंग सुरई घेऊन धावत आले, आत दिली, "भैणजी, चिट्ठी लिखणा!" म्हणाले. गाडी हलली. मी खिडकीबरोबर चालायला लागलो, मावशींची बोटं मनगटावर तशीच. इतक्यात त्यांची नजर खिडकीच्या खाली, डब्याच्या भिंतीवर रंगवलेल्या अक्षरांवर गेली, आणि त्या मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून वाचायला लागल्या:

"हाथ... बाहर... न... निकालें."

वाचून झालं. क्षणभर माझ्याकडे बघितलं, "अगं बाई" म्हणाल्या, मनगट सोडलं आणि हात आत घेतला.